अपाची सर्व्हिस परत परत बंद पडते, हाताने चालवलं की मात्र चालतं: नेमकं कुठे बघायचं

प्रॉब्लेम असा असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडला, अपाचीच्या (हा वेबसाइट चालवणारा वेब सर्व्हर) बिन फोल्डरमध्ये जाऊन एचटीटीपीडी, म्हणजे अपाचीचा मुख्य प्रोग्रॅम, टाइप करून एंटर मारलं की सर्व्हर चालू, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे याच मशीनवरची साइट, लगेच उघडतं. तोच सर्व्हर विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोज स्वतः मागे चालवेल असा, लावला की आज चालतो, उद्या मशीन चालू केलं तर बंद असतो, सर्व्हिसेसच्या लिस्टमध्ये जाऊन स्टार्ट दाबलं की परत चालतो आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. बहुतेक जण इथे सगळं अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करतात नाहीतर पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरवर ऐकतो तो) ८० चा ८०८० करतात, थोडे दिवस बरं चाललं की विषय संपला असं वाटतं. पण कारण सापडलेलंच नसतं, म्हणून ते परत येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हाताने चालतंय आणि सर्व्हिस म्हणून चालत नाहीये म्हटल्यावर अपाचीच्या कॉन्फिगमध्ये ओळ न् ओळ तपासत बसू नका. तुम्ही चालवता तेव्हा आणि विंडोज चालवतं तेव्हा काय वेगळं असतं ते शोधा. अकाउंट वेगळं असतं, सुरुवातीचा फोल्डर वेगळा असतं, पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणारं सेटिंग) वगैरे व्हेरिएबल्स वेगळे असतात आणि चालू व्हायची वेळ वेगळी असते. परत परत येणारा जवळपास प्रत्येक घोळ या चारातच कुठेतरी निघतो. मी खाली अपाचीबद्दल लिहितोय पण एन्जिनएक्स, नोड, पायथनचा सर्व्हर, काहीही असलं तरी हेच लागू पडतं.

स्टार्ट दाबायच्या आधी लॉग वाचा

सर्व्हिस बंद दिसली की हात आपोआप स्टार्टकडे जातो. थांबा जरा. आत्ता ती का बंद आहे याचा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पडलेला आहे, तो आधी बघा, कारण स्टार्ट दाबल्यावर चालू झाली तर परत कोणी तिकडे बघत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, आणि सोर्स सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा विंडोजचा भाग) असा फिल्टर लावा. इथे नंबर महत्त्वाचे आहेत. ७००० म्हणजे सर्व्हिस सुरूच होऊ शकली नाही, ७००९ म्हणजे वेळेत उत्तर दिलं नाही, ७०३१ आणि ७०३४ म्हणजे चालू होती आणि मध्येच मेली, ७०२४ म्हणजे सर्व्हिसने स्वतःच एरर सांगून हात टेकले, ७०४० म्हणजे कोणीतरी तिचा स्टार्टअप टाइप बदलला. हा शेवटचा नंबर फार कामाचा आहे, ऑटोमॅटिकचं मॅन्युअल कोणी आणि कधी केलं हे कळत नसेल तर इथे तारीख-वेळेसकट सापडतं.

अपाचीच्या बाबतीत बहुतेक वेळा ७०२४ दिसतो आणि मजकूर असतो 'सर्व्हिस-स्पेसिफिक एरर: इनकरेक्ट फंक्शन'. हे वाचून लोक इनकरेक्ट फंक्शन सर्च करत बसतात आणि तासन् तास घालवतात. त्या शब्दांना काही अर्थ नाहीये. अपाचीने बंद पडताना एरर कोड १ दिला, विंडोजच्या यादीत १ नंबरच्या एररचं नाव इनकरेक्ट फंक्शन आहे, म्हणून ते तिथे छापलं गेलं, बस. खरं कारण तिथे नाहीच. ते सिस्टममध्ये नाही तर शेजारच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये असतं, सोर्स अपाची सर्व्हिस, इव्हेंट आयडी ३२९९. आणि तिथेही गंमत अशी की अपाची एरर लॉग फाइल उघडायच्या आधी जे काही बोलतो त्यातली प्रत्येक ओळ वेगळा इव्हेंट म्हणून पडते, त्यामुळे वरचा एखादा इव्हेंट उघडला तर 'नो लिसनिंग सॉकेट्स अव्हेलेबल, शटिंग डाउन' एवढंच दिसतं. त्याच सेकंदाचे खालचे इव्हेंट उघडा. त्यातल्या एकात कंसात ओएस आणि मग १००४८ किंवा १००१३ किंवा १००४९ असा आकडा असेल. तो आकडा कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे.

इथे काहीच नसेल तर मग अपाचीच्या लॉग्ज फोल्डरमधली एरर डॉट लॉग बघा, म्हणजे सर्व्हर तिथपर्यंत पोचला होता आणि नंतर पडला.

अजून एक, कॉन्फिग तपासायची असेल तर नुसतं 'एचटीटीपीडी -टी' करू नका. ते डिफॉल्ट कॉन्फिग तपासतं. सर्व्हिस इन्स्टॉल करताना दुसरी फाइल दिलेली असेल तर सर्व्हिस ती वापरणार आणि तुम्ही तपासताय भलतीच. 'एचटीटीपीडी -एन', मग सर्व्हिसचं नाव, मग '-टी' असं द्या, म्हणजे त्या सर्व्हिससाठी जे ऑप्शन रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ठेवलेत ते धरून तपासलं जातं.

पोर्टची भानगड

१००४८ असेल तर सरळ आहे, पोर्टवर आधीच दुसरं कोणीतरी बसलंय. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटस्टॅट -एएनओ' करा, ८० समोर लिसनिंग लिहिलेली ओळ शोधा, शेवटच्या कॉलममधला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जुळवा. बऱ्याचदा तिथे एचटीटीपीडीच निघतो. म्हणजे एकदा झॅम्पच्या (अपाची, पीएचपी वगैरे एकत्र देणारं पॅकेज) कंट्रोल पॅनेलमधून किंवा हाताने चालवलेला अपाची अजून चालूच आहे आणि सर्व्हिस तोच पोर्ट मागतेय. टास्क मॅनेजरमध्ये दोन एचटीटीपीडी दिसले म्हणून घाबरू नका, विंडोजवर अपाची एक पालक आणि एक मूल अशा दोन प्रोसेसमध्येच चालतो, रिक्वेस्ट मुलाच्या आतले थ्रेड (प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) बघतात. चार दिसले तर मात्र दोन अपाची चालू आहेत.

पीआयडी ४ आला आणि नाव नुसतं सिस्टम, तर तो कर्नलमधला (विंडोजच्या गाभ्यातला) एचटीटीपी ड्रायव्हर आहे. तो स्वतःहून पोर्ट घेत नाही, कोणीतरी त्याच्या मार्फत घेतलेला असतो. आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) असेल तर वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस, एसक्यूएल सर्व्हर टाकलेला असेल तर त्याची रिपोर्टिंग सर्व्हिस, कधी ब्रँचकॅश, कधी वेब डिप्लॉयमेंट एजंट. 'नेटएसएच एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट' ही कमांड दिली की कुठल्या प्रोसेसने कुठला यूआरएल धरलाय ते सगळं छापून येतं, त्यातला पीआयडी बघून मूळ सर्व्हिस शोधा आणि ती नको असेल तर डिसेबल करा. मॅन्युअल केलंत तर दुसरं कोणीतरी तिला उठवू शकतं आणि मग महिन्यानंतर परत हीच रड. 'नेट स्टॉप एचटीटीपी' करून ड्रायव्हरच बंद करा असा सल्ला खूप ठिकाणी दिसतो, कृपा करून करू नका, ती कमांड दिल्यावर विंडोज आधी विचारतं की याच्यावर अवलंबून असलेल्या अमुक अमुक सर्व्हिसेस पण बंद होतील, त्यात प्रिंट स्पूलर वगैरे असतं, आणि लोक न वाचता वाय दाबतात. मग प्रिंटर का चालत नाही म्हणून वेगळा शोध.

आता १००१३, हा खरा त्रासदायक. 'ॲक्सेस परमिशनने मनाई आहे' असा मजकूर असतो म्हणून सगळे जण ॲडमिन राइट्स, अँटिव्हायरस, फायरवॉल यांच्या मागे लागतात. विंडोजवर १०२४ च्या खालच्या पोर्टला वेगळे राइट्स लागत नाहीत, ते लिनक्सचं झालं. इथे या एररची कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे वर सांगितलेला एचटीटीपी ड्रायव्हरसारखा कोणी तो पोर्ट एकट्यासाठी धरून बसलाय, ते नेटस्टॅटमध्ये दिसेल. दुसरं म्हणजे नेटस्टॅटमध्ये त्या पोर्टवर कोणीच नाही, पूर्ण रिकामा, आणि तरीही १००१३. पोर्ट रिकामा दिसत असूनही मिळत नाही, मशीन रीस्टार्ट केलं की कधी मिळतो कधी नाही, असं असेल तर ते हेच आहे.

होतं असं की मशीनवर हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल २ किंवा डॉकर डेस्कटॉप (मशीनच्या आत दुसरी आभासी मशीन चालवणारी साधनं) चालू असेल तर विंडोजचं विननॅट, म्हणजे त्यांचं नेटवर्क सांभाळणारा भाग, बूट होताना पोर्टचे गठ्ठेच्या गठ्ठे स्वतःसाठी राखून ठेवतं. हे गठ्ठे डायनॅमिक (मागेल त्याला तात्पुरते वाटले जाणारे) पोर्टच्या रेंजमधून घेतले जातात, दर बूटला वेगळे असू शकतात आणि राखलेला पोर्ट कोणी वापरत नसल्यामुळे नेटस्टॅटमध्ये दिसत नाही. बघायचं असेल तर 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी'. दोन कॉलम येतील, सुरुवात आणि शेवट. समजा तुमचा सर्व्हर ८०८० वर आहे आणि यादीत ८०३३ ते ८१३२ अशी ओळ आहे, तर ८०८० त्यात अडकला, आज काही केलंत तरी मिळणार नाही.

पण मुळात डायनॅमिक रेंज ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंत असायला हवी, मग ८०८० त्यात गेलाच कसा? 'नेटएसएच इंट आयपीव्ही४ शो डायनॅमिकपोर्ट टीसीपी' करून बघा. काही मशीनवर सुरुवात १०२४ दाखवते, कुठल्यातरी सॉफ्टवेअरने कधीतरी बदललेली असते. ती 'सेट डायनॅमिकपोर्ट टीसीपी स्टार्ट=४९१५२ नम=१६३८४' अशी परत जागेवर आणा आणि मशीन रीस्टार्ट करा, बहुतेकांचा प्रश्न इथेच कायमचा सुटतो. त्याउपर खात्री हवी असेल तर आपला पोर्ट आपणच आधी राखून ठेवायचा: 'नेट स्टॉप विननॅट', मग 'नेटएसएच इंट आयपीव्ही४ ॲड एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी स्टार्टपोर्ट=८०८० नंबरऑफपोर्ट्स=१', मग 'नेट स्टार्ट विननॅट'. आता यादीत ८०८० समोर चांदणी (*) दिसेल, म्हणजे ॲडमिनने राखलेला. असा राखलेला पोर्ट आपोआप कोणाला वाटला जात नाही पण अपाचीने नाव घेऊन मागितला तर मिळतो. हे झाल्यावर पोर्ट बदलत फिरायची गरज राहत नाही.

मशीन चालू केल्यावर बंद, पाच मिनिटांनी हाताने चालू

हा वेळेचा प्रॉब्लेम. आकडा १००४९ असेल तर कॉन्फिगमध्ये लिसनच्या ओळीत एखादा ठरावीक आयपी लिहिलाय, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२० आणि पुढे पोर्ट. सर्व्हिस लॉगिनच्या आधी सुरू होते, तेव्हा वायफाय जोडलेलं नसतं, राउटरने आयपी दिलेला नसतो, म्हणजे तो पत्ता त्या क्षणी मशीनवर नाहीच. अपाची प्रयत्न करतो, मिळत नाही, बंद. तुम्ही लॉगिन करून येईपर्यंत नेटवर्क आलेलं असतं म्हणून हाताने लगेच चालतं. अपाची इन्स्टॉल होताना टीसीपीआयपी आणि एएफडी या दोन गोष्टींवर अवलंबित्व लावून घेतो पण त्या दोन्ही म्हणजे नुसता नेटवर्कचा पाया, आयपी मिळाल्याची हमी नाही. उपाय म्हणजे खरंच गरज नसेल तर लिसनमध्ये फक्त पोर्ट ठेवा, आयपी काढून टाका. गरज असेल तर स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा, म्हणजे बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस उठल्यावर साधारण २ मिनिटांनी ही उठेल. डेटाबेस त्याच मशीनवर असेल आणि तो आधी लागत असेल तर डिलेवर भागवण्यापेक्षा डिपेंडन्सी (त्याच्यावर अवलंबित्व) लावा, मशीन स्लो झालं की २ मिनिटं पुरत नाहीत.

कमांडने करणार असाल तर 'एससी कॉन्फिग', सर्व्हिसचं नाव, 'स्टार्ट= डिलेड-ऑटो', आणि बरोबरच्या चिन्हानंतर जागा सोडायची. आणि हे कमांड प्रॉम्प्टमध्ये द्या, विंडोज पॉवरशेलमध्ये नको. पॉवरशेल ५.१ मध्ये एससी म्हणजे सेट-कंटेंटचं टोपणनाव आहे, तिथे ही कमांड सर्व्हिसला हात लावत नाही, सेटिंग झालेलंच नसतं. पॉवरशेलच हवं असेल तर 'एससी डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा.

आणि आता फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन केलं की मशीन पूर्ण बंद होत नाही, तुमचं लॉगिन बंद होतं पण कर्नल आणि त्याबरोबर सर्व्हिसेसचं जे सेशन असतं ते डिस्कवर हायबरनेट होतं. सकाळी बटण दाबलं की तेच परत उठतं. म्हणजे काल रात्री सर्व्हिस मेलेली असेल तर आज सकाळी पण ती मेलेलीच असणार, ऑटोमॅटिक असली तरी, कारण बूट झालेलंच नाही. 'रोज मशीन बंद-चालू करतो तरी ऑटोमॅटिक सर्व्हिस उठत नाही' ही तक्रार जिथे असेल तिथे टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली अप टाइम बघा. रोज बंद करूनही तिथे ९-१० दिवस दिसत असतील तर उत्तर मिळालं. रीस्टार्ट केलं तर पूर्ण बूट होतं, शिफ्ट धरून शटडाउन केलं तरी होतं. सर्व्हर चालवायच्या मशीनवर मी तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूणच काढून टाकतो, चार सेकंद वाचवून काय करायचंय.

सर्व्हिसला तुमचं घर दिसत नाही

विंडोज व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस सेशन ० मध्ये चालतात, तुमचं लॉगिन वेगळ्या सेशनमध्ये. तुम्ही झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला नेटवर्क फोल्डर फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हिससाठी झेड नावाचं काही अस्तित्वातच नाही. डॉक्युमेंटरूट (साइटच्या फाइलींचा फोल्डर) तिथे ठेवलं असेल तर हाताने चालणार, सर्व्हिस म्हणून 'पाथ सापडत नाही'. मशीनच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, आणि तरी लक्षात ठेवा की डिफॉल्ट लोकलसिस्टम अकाउंट (विंडोजचं स्वतःचं) नेटवर्कवर तुमच्या नावाने नाही तर कॉम्प्युटरच्या नावाने ओळख सांगतं, घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये पलीकडचं मशीन त्याला बहुधा दारातूनच परत पाठवतं. वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉपवर साइट ठेवली असेल तरी तसंच, फाइल क्लाउडवर असेल तर ती खाली आणणारा प्रोग्रॅम तुमच्या लॉगिनबरोबर चालतो, लॉगिनच्या आधी मागितली तर मिळत नाही. साइटच्या फाइली सरळ लोकल डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

सर्व्हिसचा सुरुवातीचा फोल्डर सिस्टम३२ असतो. अपाची स्वतःचा फोल्डर ओळखतो पण तुमची स्क्रिप्ट 'डेटा/सेटिंग्ज' असा अर्धा पाथ वापरत असेल तर ती सिस्टम३२ च्या आत शोधते. नोड आणि पायथनवाल्यांचं नव्वद टक्के दुखणं हेच. पूर्ण पाथ लिहा.

पाथ व्हेरिएबलचं पण तेच. युजरच्या पाथमध्ये पीएचपी किंवा पायथन टाकलं असेल तर ते तुम्हाला दिसतं, लोकलसिस्टमला नाही. पीएचपीच्या एक्स्टेन्शनला लागणाऱ्या डीएलएल अशाच हरवतात, वेबपेज उघडतं पण कर्ल किंवा ओपनएसएसएल चालत नाही. सिस्टम पाथमध्ये टाका आणि मशीन रीस्टार्ट करा, नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून चालत नाही, कारण लोकलसिस्टमच्या सर्व्हिसेसना व्हेरिएबल्स सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरकडून मिळतात आणि तो बूटच्या वेळची कॉपी धरून बसलेला असतो. आणि इथे परत फास्ट स्टार्टअप आडवा येतो, शटडाउन करून चालू केलं तर जुनीच कॉपी.

अकाउंटबद्दल एक मनापासून सांगतो. सर्व्हर लोकलसिस्टमवर ठेवू नका. तुमच्या पीएचपीमध्ये एखादं भोक असेल तर आत आलेल्याला अख्खं मशीन मिळतं, तुमच्या लॉगिनपेक्षा जास्त ताकद आहे त्या अकाउंटची. स्वतःचं अकाउंट पण नको, कारण पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी सर्व्हिस एरर १०६९ देऊन बसते, आणि पिन तिथे चालत नाही. विंडोज ७ पासून व्हर्च्युअल अकाउंट आहे, सर्व्हिसच्या लॉग ऑन टॅबमध्ये 'एनटी सर्व्हिस', बॅकस्लॅश आणि सर्व्हिसचं नाव टाकायचं, पासवर्डच्या दोन्ही जागा रिकाम्या सोडायच्या. पासवर्डच नाही म्हणजे तो संपायचा, विसरायचा प्रश्नच नाही. फक्त अपाचीच्या लॉग्ज फोल्डरवर त्या नावाला मॉडिफाय आणि साइटच्या फोल्डरवर रीड परमिशन द्या. लॉग्जवर द्यायचं राहिलं तर एरर लॉग उघडता येत नाही म्हणून सर्व्हिस सुरूच होणार नाही आणि ते कारण ॲप्लिकेशन लॉगमध्ये सापडेल.

१०५३ आणि ज्यांना सर्व्हिस व्हायला येत नाही ते

'एससी क्रिएट' करून एन्जिनएक्स किंवा नोडची सर्व्हिस बनवली, स्टार्ट दाबलं, अर्धा मिनिट पट्टी सरकते आणि एरर १०५३ येते. हे बिघाड नाहीये. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोजला 'मी उठलो' असं ठरावीक पद्धतीने कळवावं लागतं, ३० सेकंदात कळवलं नाही की विंडोज त्याला मारतं. अपाचीमध्ये ते आहे, विंडोजच्या एन्जिनएक्समध्ये आणि नुसत्या नोडमध्ये नाही. रजिस्ट्रीत ३० चे ६० सेकंद करून काही होत नाही, तो कधीच कळवणार नाहीये. एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यू वापरा, ते मधे उभे राहून विंडोजशी बोलतात आणि तुमचा प्रोग्रॅम चालवतात. एनएसएसएममध्ये स्टार्टअप डिरेक्टरी नीट भरा आणि आय/ओ टॅबमध्ये आउटपुट आणि एररसाठी फाइल द्या, नाहीतर काय झालं ते कधीच कळणार नाही. सर्व्हिस पॉज्ड दिसली तर रिझ्यूम दाबत बसू नका, तुमचा प्रोग्रॅम उठल्या उठल्या मरतोय आणि एनएसएसएम पुढचा प्रयत्न लांबवतंय, एवढाच त्याचा अर्थ.

काही जण टास्क शेड्युलरने भागवतात. चालतं, पण तिथे दोन खुणा आधीपासून लावलेल्या असतात. 'टास्क ३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा' आणि 'चार्जर लावलेला असेल तरच सुरू करा'. सर्व्हर बरोब्बर तीन दिवसांनी बंद पडतो अशी तक्रार असेल तर लॉग बघायची पण गरज नाही, पहिली खूण काढा.

सर्व्हिस चालू आहे पण बाहेरून दिसत नाही

याच मशीनवर लोकलहोस्ट उघडतंय, फोनवरून नाही. हाताने पहिल्यांदा चालवताना फायरवॉलची खिडकी येते, परवानगी द्यायची का म्हणून. सर्व्हिस सेशन ० मध्ये असल्यामुळे ती खिडकी तुमच्यासमोर येत नाही, गुपचूप अडवलं जातं. डिफेंडर फायरवॉलमध्ये इनबाउंड रूल स्वतः बनवा, प्रोग्रॅमसाठी नाही तर पोर्टसाठी. आणि कधी चालतं कधी नाही असं असेल तर नेटवर्कची प्रोफाइल बघा. रूल फक्त प्रायव्हेटसाठी आहे आणि राउटर बदलला किंवा नवीन वायफाय आलं की विंडोज त्याला पब्लिक ठरवतं, मग तोच रूल लागू होत नाही. पब्लिकला पण उघडून टाकू नका, घरच्या नेटवर्कची प्रोफाइल प्रायव्हेट करा.

स्लीपचं पण बघा. मागे वेब सर्व्हर चालू आहे म्हणून विंडोज जागं राहत नाही, माउस-कीबोर्ड हलला नाही की वेळ झाली की झोपतं. रात्री साइट बंद, सकाळी आपोआप चालू, लॉगमध्ये एकही एरर नाही, हे त्याचं लक्षण.

मेली तर परत उठावी म्हणून

सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये रिकव्हरी टॅब आहे, पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या फेल्युअरला रीस्टार्ट, १ मिनिटाने, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तरी ती उठत नाही, का? कारण डिफॉल्टमध्ये ही रिकव्हरी फक्त प्रोसेस अचानक मेली तरच चालते. अपाचीने 'मला पोर्ट मिळाला नाही, मी थांबतो' असं रीतसर सांगून एरर कोड दिला तर विंडोजच्या लेखी ते क्रॅश नाही. त्याच टॅबमध्ये खाली 'एनेबल ॲक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स' अशी एक खूण आहे, ती लावा. पण कारण शोधून झाल्यावरच, आधी लावली तर दर मिनिटाला उठून पडत राहील आणि इव्हेंट लॉग त्याच त्याच ओळींनी भरेल.

एकाच मशीनवर झॅम्प आणि वेगळा अपाची दोन्ही टाकलेत तर दोघांचं सर्व्हिसचं नाव सारखं असू शकतं, मग झॅम्पचं पॅनेल 'सर्व्हिस सापडली पण पाथ चुकीचा' म्हणून लाल अक्षरात ओरडतं. एक ठेवा, दुसऱ्याची सर्व्हिस त्याच्याच बिन फोल्डरमधून 'एचटीटीपीडी -के अनइन्स्टॉल' करून काढा. १०७२, म्हणजे डिलीटसाठी खूण केलीय पण जात नाही, असं आलं तर सर्व्हिसेसची उघडी खिडकी बंद करा, बहुतेक तेवढ्याने जाते.

राहता राहिलं ते सर्व्हिस रनिंग दिसते पण पेज लटकून राहतं, रीस्टार्ट केलं की थोडा वेळ बरं. एरर लॉगमध्ये ॲक्सेप्टईएक्स (नवीन कनेक्शन स्वीकारणारं विंडोजचं फंक्शन) फेल झाल्याच्या ओळी असतील तर कुठलं तरी अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन नेटवर्कच्या मधे घुसलंय आणि त्याचं विंडोजच्या त्या फंक्शनशी जमत नाहीये. कॉन्फिगमध्ये 'ॲक्सेप्टफिल्टर एचटीटीपी नन' आणि 'ॲक्सेप्टफिल्टर एचटीटीपीएस नन' या दोन ओळी टाका, थोडा वेग जातो पण लटकणं थांबतं. त्या ओळी नसतील आणि थ्रेड संपल्याचं लिहिलं असेल तर थ्रेड्सपरचाइल्ड बघा, डिफॉल्ट ६४ आहे, आणि एखादी स्क्रिप्ट अडकून सगळे थ्रेड धरून बसली असेल तर आकडा वाढवून फक्त अडकायला जास्त वेळ लागेल, ती स्क्रिप्टच शोधावी लागेल. आणि हे सगळं करताना लॉग्ज फोल्डरचा साइज पण बघून घ्या, अपाची स्वतःहून लॉग फाइल कापत नाही, बिन फोल्डरमध्ये रोटेटलॉग्ज नावाचा प्रोग्रॅम आधीपासून दिलेला असतो, तो एररलॉग आणि कस्टमलॉगच्या ओळीत पाइप करून लावा, नाहीतर सी ड्राइव्ह भरला की लॉग लिहिता येत नाही आणि शोधायला पुरावाही उरत नाही.